हरलेल्याच्या हातचा फेटा

१

फेटा चोरीला गेला हे मला सगळ्यात शेवटी कळलं, कारण त्या वेळी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच लेखणीतून उतरलेली पाटी कौतुकाने वाचत उभा होतो.

कोळवड्याच्या जुन्या शाळेची ती खोली. बाहेर मांडव, खुर्च्या आणि सकाळपासून एकच गाणं घोटणारा बँड. आत भिंतींवर फोटो आणि पाट्या होत्या, आणि मधोमध काचेची पेटी. दारावर फलक होता, ‘कोळवडे विधानसभा मतदारसंघ स्मृतिदालन’. उद्घाटन दहाला होतं. प्रमुख पाहुणे अजून वाटेत होते, त्यामुळे अब्रू पंचक्रोशीबाहेर गेली नाही, एवढंच नशीब.

“सर!” जयराज ओरडला. “हिकडं या! बघा काय केलंय भडव्यांनी!”

पेटीचं कुलूप शाबूत होतं, काचेला साधा ओरखडा नव्हता. आतला लाकडी साचाही जागेवर होता. माणसाच्या डोक्याएवढा तो साचा करताना गावच्या सुताराने हौसेने नाक-डोळे आणि झुबकेदार मिशाही कोरल्या होत्या, त्यामुळे तो थेट शेवटचे आमदार लालासाहेब यांच्यासारखाच दिसे. काल संध्याकाळपर्यंत त्याच्यावर तांबडा फेटा होता. आता फेटा नव्हता. त्याऐवजी त्या लाकडी डोक्यावर एक नवा कोरा पांढरा टॉवेल होता. कपाळावरून घेतलेला, दोन्ही कान झाकलेला, मागे मानेशी नीट खोचलेला.

जयराज हा लालासाहेबांचा मुलगा. पन्नाशीचा गडी.

“ह्यो दुखवट्याचा टॉवेल हाय, सर. माझा बाप अजून जित्ता हाय, आन् ह्यांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल घातला! हे काम कुणाचं हाय ते मला ठावं हाय.” तो वळला आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे त्याने बोट केलं. “किल्ली हिच्याकडं व्हती. जेवनाच्या आत फेटा आला न्हाई, तर मी सरळ ठाण्यात जाऊन हिचं नाव देतो.”

मुलीचं नाव शिवांजली. मी तिची बाजू घ्यायला तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या बायकोने माझा दंड दाबला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “पेटीत खाली टाचण्या बघा.”

२

हा फेटा म्हणजे काय ते सांगायला हवं. मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक आहे, सांगलीत राहतो, आणि या मतदारसंघाच्या इतिहासात मी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली आहेत. तेव्हा थोडं सहन करा.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर कोळवडे नावाचा मतदारसंघ होता. बासष्ट सालच्या पहिल्या निवडणुकीत हरिबा आणि सयाजी समोरासमोर उभे राहिले. हरिबा जिंकले. मोजणीच्या ठिकाणी गुलालाची आणि माणसांची इतकी रेटारेटी झाली, की हरिबांचा फेटा कुठल्या कुठे गेला. तेव्हा हरलेले सयाजी गर्दीतून पुढे आले, स्वतःच्या डोक्यावरचा तांबडा फेटा सोडला आणि हरिबांना बांधला. “बोडक्यानं गावात जाऊ नगंस,” ते म्हणाले, “लोकांस्नी वाटंल तूच हरलास.”

तेव्हापासून तो रिवाज पडला. प्रत्येक निवडणुकीत हरलेल्याने जिंकलेल्याला तोच फेटा बांधायचा. त्यासाठी कुणी कुणाला बोलवायचं नाही, हरलेल्याने आपण होऊन यायचं. एकदा कवठे महांकाळकडचा एक उमेदवार इथे येऊन आपटला. त्या बिचाऱ्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. लोकांनी त्याला परतीच्या गाडीतून उतरवून आणलं, आणि त्याने जखमेला पट्टी गुंडाळावी तसा फेटा गुंडाळला. आमदार त्या पट्टीतच मिरवले. पण मान राखला गेला.

पुढे हरिबांच्या लालासाहेबांना सयाजींची रंगूबाई दिली. सोयरीक झाली तरी निवडणुका थांबल्या नाहीत. हरिबांच्या जागी लालासाहेब आले, सयाजींच्या जागी रंगूबाईंचे धाकटे भाऊ नानासो. दाजी-मेव्हणे एकमेकांविरुद्ध सभा गाजवायचे आणि निकालानंतर एकमेकांना फेटा बांधायचे.

आणि मग आली २००४ ची निवडणूक. लालासाहेब निसटते जिंकले आणि नानासो फेटा बांधायला आलेच नाहीत. लालासाहेबांची मिरवणूक निघाली ती फेटा बांधूनच, पण तो कुणी बांधला हे कुणी बोलत नव्हतं. दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. झालं गेलं विसरायला पुढची निवडणूक आली असती, पण चार वर्षांनी पुनर्रचना झाली आणि मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला. त्याचे तीन तुकडे तीन शेजाऱ्यांना जोडले. आपला आमदार कोण, हेच कोळवड्याच्या लोकांना बरेच दिवस कळत नव्हतं. भांडण मिटवायचं ठिकाणच सरकारने मोडून टाकलं, असं मी माझ्या पुस्तकात लिहिलं आहे, आणि ते वाक्य मला स्वतःला आवडतं.

शिवांजली ही नानासोंची नात. दालनाची मांडणी तिनेच केली. ती फौजदाराच्या परीक्षेत पास झाली होती आणि आता फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती. नेमक्या याच आठवड्यात तिच्या नावावर चोरीची तक्रार गेली, तर सगळ्या कष्टांवर पाणी पडणार होतं. हे जयराजला कळत होतं, आणि म्हणूनच तो तेच नाव घेत होता.

माझी बायको अनसूया ही कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होती. उभा जन्म तिने भांडणाऱ्या नवरा-बायकोंसमोर बसून काढला. लोक काय बोलतात यापेक्षा काय गिळतात हे तिला आधी ऐकू येतं. मला याचा घरात त्रासच होतो. पण त्या सकाळी ती जयराजसमोर जाऊन म्हणाली, “जेवणापर्यंत म्हणालात ना? मग तोवर मला चार माणसांशी बोलू द्या,” तेव्हा मला हायसं वाटलं.

३

“या टाचण्या कशाच्या?” अनसूयाने विचारलं.

“जुनं कापड घसरतंय म्हणून लावल्या व्हत्या,” शिवांजली म्हणाली. “सांगलीहून फेटा बांधणारा बोलावला व्हता, त्यानंच साच्यावर बांधून टाचण्या मारल्या. पेचांच्या आतल्या बाजूनं.”

आता त्या टाचण्या पेटीच्या तळाच्या मखमलीत एका ओळीत खोचलेल्या होत्या.

“चोर शिस्तीचा दिसतो,” मी म्हणालो.

अनसूयाने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. “किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्या गळ्यात. रातभर गळ्यातच व्हती, आंघुळीला बी काढली न्हाई. दुसरी लालासाहेब आबांच्या घरी, फेटा त्यांचा म्हणून. खोलीला नुसती कडी हाय.”

“आमची किल्ली देवघरात खिळ्याला हाय,” जयराज मध्येच म्हणाला. “आत्ता बघून आलो. जाग्यावर हाय.”

“तुम्हाला हा फेटा दालनात द्यायचाच नव्हता, असं ऐकलं,” अनसूया त्याला सहज म्हणाली.

जयराज लाजला. “व्हय. जिल्हा परिषदेला उभं राहायचं हाय मला. फोटूला बांधला असता. पर आबांनी मान हलवून न्हाई म्हटलं. हरलेल्याच्या हातानं बांधल्याबिगर घालायचा न्हाई, असं त्यांचं पहिल्यापासनं. म्हणून काय मी माझ्याच बापाच्या डोक्यावर टॉवेल घालीन व्हय?”

तो बाहेर गेला. शिवांजली माझ्याकडे बघत नव्हती, आणि कारण मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी आमची चकमक झाली होती. शेवटच्या पाटीवर मी लिहिलं होतं, ‘२००४ : पराभूत उमेदवार नानासो यांनी फेटा बांधला नाही.’ ती म्हणाली होती, बांधला न्हाई का बांधू दिला न्हाई, ते कुणाला इचारलंय का, सर? इतिहास पुराव्यावर चालतो, असं मी तिला ऐकवलं होतं. आता जयराज गावभर सांगत होता, की त्या ओळीचा राग म्हणूनच आजा-नातीने हे केलं.

“आजोबा काय म्हणतात त्या दिवसाबद्दल?” अनसूयाने विचारलं.

“कायच न्हाई. इषय काढला की उठून रानात जात्यात. पर आज्जी व्हती तवा सांगायची, मोजणीच्या दिवशी सकाळीच त्यांनी नारळ आणून ठिवला व्हता. हरलो तर मोकळ्या हातानं जायचं न्हाई म्हणून.” “मॅडम, माझं नाव गेलं तर जाऊ दे. पर आजोबांस्नी ह्या वयात ठाण्यात नेऊ नगा म्हणावं.”

अनसूयाने तिला जवळ घेतलं. मग उगाच फिरल्यासारखी ती भिंतीकडे गेली. खोलीला नुकताच चुना दिलेला होता, त्यामुळे सगळ्या तसबिरींच्या काचांवर पांढरी भुकटी बसली होती. २००४ च्या विजयी मिरवणुकीचा मोठा फोटो मी मोठ्या खटपटीने मिळवला होता. शेजारच्या गच्चीवरून काढलेला, त्यामुळे लालासाहेबांचं अख्खं घर त्यात आलं होतं. पुढे जीप, गर्दी, फेटा बांधलेले लालासाहेब.

त्या फोटोच्या काचेवरची भुकटी एकाच ठिकाणी पुसलेली होती. पुढे नव्हे. वरच्या कोपऱ्यात, घराच्या मागच्या अंगाला.

“कोण कोण दालन बघून गेलं?” तिने विचारलं.

“परवा आबांच्या घरची समदी आलती. आबा सोडून.”

अनसूया त्या पुसलेल्या कोपऱ्याला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. मग वळून म्हणाली, “चला. लालासाहेबांना भेटू.”

४

जयराजने आम्हाला एका अटीवर घरी नेलं.

“आईला आन् आबांस्नी एक अक्षर बोलायचं न्हाई. आबांस्नी धक्का सोसायचा न्हाई. पाव्हण्यांस्नी फोन करून दुपारनंतर या म्हटलंय. घरी मात्र त्यांची गाडी पंक्चर झाली म्हणून कार्यक्रम लांबलाय, असं सांगितलंय मी. घरातल्या समद्यांस्नी दम दिलाय.”

उसाच्या मळ्यातलं नवं सिमेंटचं घर. ओसरीवर उन्हात खुर्ची टाकून लालासाहेब बसले होते. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते फारसे बोलत नाहीत. ज्यांच्या आवाजाला भोंगा लागत नसे, ते आता मान हलवून काम भागवतात. वाऱ्याचा त्रास नको म्हणून त्यांचे कान टॉवेलने झाकून घेतलेले होते. मला बघून ते अर्ध्या चेहऱ्याने हसले. मला वाईट वाटलं आणि मी भलतंच हवापाण्याचं बोलत सुटलो.

रंगूबाई चहा घेऊन आल्या. पंचाहत्तरीच्या, पण ताठ. चहा देतानाही त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

“कुणाची वाट बघताय, आक्का?” अनसूयाने विचारलं.

“न्हाई, पाव्हणं यायचं हाईत न्हवं,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, फोटू लय ग्वाड लावल्यात तुमी. लांबचं बी दिसतंय त्यात.”

मी फुललो. फोटो मिळवायला काय काय करावं लागलं, हे मी सविस्तर सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही देव जाणे.

“सकाळी फिरायला जाता का हो?” अनसूयाने मध्येच विचारलं. “दारातल्या चपला दवाने भिजल्यात, म्हणून म्हटलं.”

“आज गेल्ते जरा.”

“कुणीकडे?”

लालासाहेबांच्या मानेशी टॉवेलचं टोक सुटलं होतं, ते रंगूबाईंनी न बघताच बोटाने आत खोचलं. अनसूयाने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर मी ओळखतो तो भाव आला. घटस्फोटाचा अर्ज घेऊन आलेली जोडपी तो बघून एकदम गप्प व्हायची.

“निघतो आम्ही,” ती म्हणाली. “पाहुणे येतीलच, आक्का. आता जरा त्यांच्याकडेच जाते.”

पाहुण्यांकडे म्हणजे कुणाकडे, हे मला कळलं नाही. गाडीत बसल्यावर तिने जयराजला नानासोंच्या वस्तीवर न्यायला सांगितलं, आणि त्याने करकचून ब्रेक मारला.

५

जयराज मामाच्या हद्दीत पाय टाकायला तयार नव्हता. तो बांधावर गाडीतच थांबला आणि आम्ही दोघं चालत गेलो.

नानासो अंगणात बाजेवर बसले होते. ऊन चांगलं वर आलेलं, तरी मांडीवर घोंगडं. मला त्यांचा लौकिक ठाऊक होता. दारात शत्रू आला तरी उठून उभं राहणारा माणूस. आज ते जागचे हलले नाहीत. मला ते थोडं लागलं.

“तुमी कशापायी आलाय, ते कळलं मला,” ते म्हणाले. “पोरीच्या नावानं कायबी करू नगा. फेटा म्या घेतला. लिवा माझं नाव आन् सांगा जयराजला.”

एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलताना ऐकणं सोपं नव्हतं.

“कसा घेतलात?” अनसूयाने शांतपणे विचारलं.

“कसा म्हंजी? किल्ली घेतली पोरीच्या गळ्यातनं, झोपल्यावर. साच्यावरनं उचलला तसा पिशवीत घातला.”

“तसाच? बांधलेलाच?”

“व्हय की.”

“आणि साचा?”

“साच्याचं काय करायचं? बोडका ठिवला तसाच.”

अनसूया बाजेच्या कडेला बसली. “नानासाहेब, तुम्ही भाषणं चांगली केली असतील, पण खोटं तुम्हाला बोलता येत नाही. उठू नका, बसा. तुम्ही का उठला नाहीत ते मला समजलंय.”

नानासोंचे दोन्ही हात मांडीवरच्या घोंगड्यावर घट्ट दाबले गेले. डोळ्यांत पाणी तरारलं, पण ते बोलले एवढंच. “बाई, माझं नाव लिवा. दुसऱ्या कुणाचं लिवू नगा. हात जोडतो.”

हात मात्र त्यांनी जोडले नाहीत. ते घोंगड्यावरून उचललेच नाहीत.

६

शाळेच्या खोलीत अनसूयाने दार लोटून घेतलं. आत आम्ही चौघंच होतो. जयराज तावातावाने उभा, शिवांजली भिंतीला टेकून, मी खडूचे डाग पडलेल्या टेबलावर.

“मामानंच घेतला न्हवं?” जयराज म्हणाला.

“नाही. ज्याने घेतला त्याने तो साच्यावरून उलगडून नेला. एकेक टाचणी काढून मखमलीत खोचली, कापडाला धक्का लागू नये म्हणून. मामांना टाचण्या होत्या हेच ठाऊक नाही. ते म्हणतात उचलला आणि पिशवीत घातला. आता मला सांगा, ज्याला तुमचा अपमान करायचाय तो उलगडत बसेल? उचलून पळेल. उलगडतो तो, ज्याला फेटा पुन्हा बांधला जायला हवा आहे.”

“कुणाला बांधाय?”

“त्याआधी टॉवेलचं बघू. दुखवट्याचा टॉवेल आपण नुसता अंगावर किंवा डोक्यावर टाकतो. हा कपाळावरून घेतलाय, कान झाकलेत, मानेशी खोचलाय. आजारी माणसाला वाऱ्यापासून जपताना घेतात तसा. आणि अगदी असाच टॉवेल मी मघाशी दुसऱ्या एका डोक्यावर पाहिला.”

जयराजचं तोंड उघडं राहिलं.

“सुताराने साच्याला तुमच्या आबांचा चेहरा दिलाय. फेटा काढल्यावर तो चेहरा बोडका राहिला. दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलं नसतं, ते लाकूड आहे. पण एका बाईला ते बघवलं नाही. रोज जसे कान झाकते तसे तिने झाकले. हातांना सवयच तशी आहे.”

“आई?” जयराज शाळेच्या बुटक्या बाकावर मटकन बसला. “माझ्या आईनं? पर कशापायी? आन् एवढा दंगा झाला तरी ती गप का?”

“तिला दंगा माहीतच नाही. चोरीचं तिला सांगितलं कुणी? तुम्हीच सगळ्यांची तोंडं बंद केलीत. तिला वाटतंय पाहुण्यांची गाडी पंक्चर झालीय. किल्ली खिळ्यावरून घेतली, परत खिळ्याला लावली, संपलं. ती आपली रस्त्याकडे डोळे लावून बसलीय.”

“कुणासाठी?”

अनसूया त्याला हाताला धरून फोटोपाशी घेऊन गेली. मीही गेलो. पुढच्या गर्दीतला चेहरा न् चेहरा मी ओळखला होता, नावानिशी टिपणं केली होती. वरच्या कोपऱ्याकडे मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. तिथे घराचं मागचं दार होतं, गोठ्याची भिंत होती, आणि भिंतीशी एक माणूस उभा होता. एका हातात चपला, दुसऱ्या हातात नारळ.

“आजोबा!” शिवांजली किंचाळलीच.

“रिवाजाप्रमाणे ते आले होते,” अनसूया म्हणाली. “पुढे गर्दी, म्हणून बहिणीच्या घरी भाऊ जातो तसे मागच्या दाराने आले. त्या दिवशी फेटा कुणी बांधला, जयराज? तुम्ही घरात होतात.”

जयराजने खाली मान घातली. “आईनं. आबा म्हणत व्हते, नाना येईल, थांबा. लय येळ झाला. बाहेर लोक आरडत व्हते. आई म्हणाली, येत न्हाई त्यो, आन् तिनंच बांधला. कुणाला सांगायचं न्हाई, असं ठरलं.”

“आणि तेच मागच्या दारातून मामांनी पाहिलं असणार. स्वतःची बहीण, भावाच्या हातचा मान आपल्याच हाताने उरकताना. मिरवणूक निघेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, मग चपला घालून परत गेले. तुमच्या घरात समज झाला, की आलेच नाहीत. त्यांचा समज झाला, की आपली वाटच पाहिली नाही. परवा रंगूबाईंनी हा फोटो पाहिला, पदराने काच पुसली, आणि त्यांना कळलं की घाई आपली झाली. आज सकाळी त्या फेटा घेऊन भावाच्या दारात गेल्या असणार. फेटा आत्ता मामांच्या मांडीवर घोंगड्याखाली आहे. म्हणून तर तो माणूस उठून उभा राहिला नाही.”

“मग मामा गप का? सांगायचं की मला!”

“काय सांगायचं? की तुझ्या आईने नेला? तुम्ही इथे कसे बोलत होतात ते वस्तीपर्यंत ऐकू गेलंय. बहिणीला मुलासमोर मान खाली घालायला लागू नये, म्हणून ते चोर व्हायला तयार झालेत.”

जयराजने तोंडावरून हात फिरवला. बाहेरचा बँड एव्हाना थकून गप्प झाला होता.

“ते बांधाय येतील?” त्याने विचारलं.

“ते मात्र मला सांगता येत नाही,” अनसूया म्हणाली.

७

या वेळी जयराज बांधावर थांबला नाही. तो थेट अंगणात गेला, बाजेसमोर वाकला आणि पायांना हात लावून तसाच खाली बसला.

“मामा, आईनं काय सांगितलं तुमाला?”

नानासोंनी आमच्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग घोंगडं बाजूला केलं. तांबडं कापड चौघडी करून मांडीवर ठेवलेलं होतं, कडेची जर विटलेली.

“आत आली न्हाई,” ते म्हणाले. “एवढ्या वर्सांनी आक्का दारात आली, आन् उंबऱ्याच्या आत आली न्हाई. हे मांडीवर ठिवलं. म्हणाली, म्या घाई केली नाना, आज तरी बांध. आन् गेली. माझ्या तोंडातनं शबुद फुटला न्हाई. बस म्हणाय बी जमलं न्हाई मला.” त्यांनी दोन्ही हात समोर धरले. ते थरथरत होते. “आन् आता हे बघ. ह्या हातांनी कसला फेटा बांधायचा?”

“कसाबी बांधा, आजोबा,” शिवांजली म्हणाली. “उठा आता.”

“आन् ह्येला ठाण्यात जायचंय न्हवं?” नानासोंनी भाच्याकडे बघितलं. आवाज करडा होता, पण डोळे तसे नव्हते.

“चुकलो मी, मामा. पोरीची बी माफी मागतो.” जयराज शिवांजलीकडे वळला. “तुझ्या कागदावर माझ्या हातनं डाग पडणार न्हाई, बाय. आन् मी तुझं नाव घेतलं हे गावानं ऐकलंय, तवा गावाम्होरंच मी ते मागं घेतो.”

“मग गाडी काढ,” नानासो म्हणाले.

लालासाहेब अजून ओसरीवरच होते. पुढच्या फाटकातून नानासो आत येताना दिसले, आणि रंगूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या पुढे आल्या नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. लालासाहेबांनी मेव्हण्याला पाहिलं, त्याच्या हातातलं तांबडं कापड पाहिलं, आणि धडधाकट हाताने कानावरचा टॉवेल ओढून काढला. पांढऱ्या विरळ केसांचं ते डोकं त्यांनी स्वतःच खाली वाकवलं.

नानासो बांधू लागले. पहिला पेच सुटला. दुसऱ्यांदा धरला, पुन्हा सुटला. रंगूबाई आपसूक एक पाऊल पुढे सरकल्या, आणि थांबल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तिथेच धरून ठेवले. कुणी मदत केली नाही. नानासोंनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. फेटा वाकडा होत होता, एका कानावर उतरत होता, पण पेचावर पेच चढत गेला आणि शेवटी शेमला पाठीवर सुटला.

लालासाहेबांनी डोकं वर केलं. ओठ हलू लागले. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

“लय... उशीर केलास, नाना.”

“येळंवर आलतो, दाजी. मागच्या दारानं आलतो. आक्का बांधत व्हती, म्हणून फिरलो.”

लालासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. रंगूबाई आता उघड उघड रडत होत्या. मग त्यांनी मेव्हण्याचं मनगट पकडलं आणि अख्ख्या मतदारसंघाला ऐकू जायचा तो आवाज त्यांना क्षणभर परत मिळाला.

“मग हाक मारायची न्हाईस व्हय रं!”

नानासो ओसरीच्या फरशीवरच खुर्चीला टेकून बसले, आणि लालासाहेबांनी त्यांचं मनगट सोडलं नाही. मला चष्मा पुसावा लागला. शेजारी अनसूयाही पदराने डोळे टिपत होती. थोड्या वेळाने रंगूबाईंनी नाक पुसलं, सूप उचललं आणि भावाला विचारलं, “जेवून आलायस का जेवायचंय?”

“जेवायचंय, आक्का,” नानासो म्हणाले.